शंभर कॅलरींचा हिशेब

म्हापशाच्या दवाखान्यात तेजल शेट्ये नावाची पोरगी
ह्यांच्या रक्ताचा कागद वाचून म्हणाली,
वजनावर जाऊ नका काकी, कॅलरीवर जा.
शंभर कॅलरी खाल्ल्या तर पदरात काय पडतं ते बघा.

मी गप्प राहिले.
बावीस वर्षं होंड्याच्या फॅक्टरीत काजूगर निवडलेली बाई मी.
पौंडात तीनशेवीस बसले तर एक प्रत,
दोनशेचाळीस बसले तर वरची,
आणि एकशेऐंशीतला एखादा तळहातावर आला
की जावई दारात उभा राहिल्यासारखं वाटायचं.
मला वजनाबाहेरचं जग ठाऊक नाही.

तरी वाळपईला घरी पोचल्यावर ओट्यावर काटा मांडला.

शंभर कॅलरी म्हणजे तीनशेवीसचे बारा गर,
वर तेराव्याचा अर्धा तुकडा.
मूठसुद्धा भरली नाही.

दुसऱ्या बाजूला पालकाचा डबा,
ह्यांनीच शेवटच्या जहाजावरून आणलेला,
अंगावर कुठल्यातरी बंदराची अक्षरं.
पाणी निथळून टाकलं, हिरवा लगदा पातेल्यात घेतला,
साठांवर काटा पुढे सरकेना.
दुसरा डबा फोडला.
तोही जवळजवळ संपला तेव्हा कुठे शंभर झाले.
पातेलं भरून पालक,
आणि समोर बशीत माझे बारा.

तेजलने रकाने आखून दिले होते.
लोह : डबा पुढे.
मॅग्नेशियम : डबा.
तंतू, प्रथिनं, प्रथिनंसुद्धा! : डबा.
मिठाच्या रकान्यातही डबाच पुढे,
तेवढं मात्र तिने लाल शाईने लिहिलं होतं.

खोटं कशाला बोलू, राग आला.
पहिली चार वर्षं मी बिया फोडायला होते,
टरफलाच्या तेलाने बोटांची सालं निघायची,
लग्नात मेंदी धरली नाही ती त्यामुळे.
आणि हा मिठाच्या पाण्यात झोपलेला पाला
माझ्याच काट्यावर मला हरवतो?

हे पातेल्यात बघत होते.
म्हणाले, एकविसाव्या दिवसानंतर जहाजावर
हिरवं म्हणून जे उरतं, ते ह्यात असतं.
चोवीस माणसं, रोज सहा डबे,
फोडणी देऊन मी त्याला भाजी म्हणायचो,
ती पण म्हणायची.

आणि मी द्यायचे तो किलोभर काजू?

रोज एक खायचो. रात्री, भांडी झाल्यावर.

मी मनात मांडलं, सवयच ती.
नऊ महिन्यांचे दोनशेसत्तर. किलोत सातशे बसतात.
बाकीचे?

बाकीचे फिलिपिनो पोरांनी फस्त केले, ते म्हणाले,
माझे तेवढे सॉक्समध्ये लपवलेले.

आमच्या लग्नाला एकोणतीस वर्षं झाली.
त्यातलं घरातलं मोजलं तर सहाही भरत नाहीत.
एकोणतिसांनी भागलं तर आमच्या संसारात
निथळून टाकायचं पाणीच जास्त निघेल.
सहांनी भागलं तर काय निघेल,
ते तेजलच्या कागदावर मावायचं नाही.
तिला विचारायचं राहून गेलं,
कशाने भागायचं हे कोण ठरवतं.

पालक तिने सांगितल्याप्रमाणे तीनदा धुतला.
लसणीची फोडणी दिली.
मग मूठभर ओलं खोबरं घातलं
आणि सगळा हिशेब बुडवला.
तेजलला सांगू नका.

बारा गर दोन बशांत, सहा नि सहा.
तेराव्याचा तुकडा माझ्या हाताने आपसूक बाजूला सारला,
फॅक्टरीत तुकड्यांची टोपली वेगळी असते,
त्यांना नंबर नसतो.

ह्यांनी तो उचलला,
दिव्यासमोर धरून बघितला,
आणि जेवणं झाल्यावर,
भांडी घासून झाल्यावर,
खाल्ला.